दशावताराच्या रंगपटात फोटो काढायला गेलो त्याची सगळी हकिकत

गेल्या सीझनला मी दशावताराच्या, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याच्या, रंगपटात (कलाकार तोंड रंगवून तयार होतात त्या खोलीत) बसून फोटो काढले हे कळल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांचे तेच ते प्रश्न येतायत, आत सोडतात का, परवानगी कोणाची घ्यायची, पैसे मागतात का, फ्लॅश चालतो का. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी प्रोफेशनल वगैरे नाही, डोंबिवलीत राहतो, नोकरी करतो, कॅमेरा सेकंडहँड आहे आणि आजोळ कुडाळ तालुक्यात आहे एवढंच काय ते भांडवल.

सुरुवात झाली २०२५ च्या गणपतीत. २७ ऑगस्टला गणपती बसले, त्याच्या आदल्या आठवड्यात एका संस्थेच्या फोटो प्रदर्शनाचा फॉर्म माझ्या हाती आला होता. विषय होता कोकणातले पारंपरिक नाच, सहा फोटोंचा संच, प्रवेश फी ५०० रुपये, शेवटची तारीख ३१ जानेवारी. अटींमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की फोटोत जी व्यक्ती ओळखू येते तिची लेखी संमती जोडायची. ही ओळ वाचूनच अर्धे लोक गळाले असणार, मी पण गळणार होतो. पहिला विचार जाखडीचा होता कारण गणपतीतच जाखडी असते, पण ती जास्त करून रत्नागिरीकडे, आणि तिकडे माझी ओळख कोणाशीच नाही. मामा म्हणाला आपल्याकडे दशावतार असताना तू लांब कशाला जातोस, रिद्धी-सिद्धी नाचतात ते काय नाच नाही?

मुद्दा बरोबर होता पण दशावतार म्हणजे नाटक की नाच हे मला ठरवायचं नव्हतं, ते प्रदर्शनवाल्यांनी ठरवायला हवं होतं. फोन केला तर समोरचे म्हणाले चालेल हो, पण ईमेल टाकून ठेवा. ईमेलला उत्तर यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. उत्तर एका ओळीचं, की सुरुवातीचं रिद्धी-सिद्धीचं नृत्य आणि लढाईचा पदन्यास हे धरू, नुसते संवादाचे फोटो धरणार नाही. ही ओळ पुढे फार कामाला आली. असं काही तोंडी कळलं तरी लेखी घेऊन ठेवाच.

आता नाटक कंपनीचे मालक. दशावताराच्या कंपन्या बहुतेक घराण्याच्या किंवा गावाच्या नावाने चालतात, वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, चेंदवणकर ही नावं सिंधुदुर्गात कोणालाही विचारा. मी ज्या कंपनीबरोबर होतो तिचं नाव लिहीत नाही, मालकांनीच सांगितलंय नको म्हणून, आणि वरच्यापैकी आहे की नाही हेही विचारू नका. पावसात नाटकं बंद असतात, कलाकार शेतीत नाहीतर आपापल्या धंद्यात, कोणी रिक्षा चालवतं, कोणी गॅरेजमध्ये, त्यामुळे भेटायला हाच टाईम बरा. गौरी जेवून झाल्यावर मामाने बाईकवर बसवून मालकांच्या घरी नेलं. म्हातारा माणूस, खळ्यात सुपारी निवडत बसलेले. मामाने ओळख करून दिली, भाचो माझो, ममयसून इलो. त्यांनी आधी च्या घे म्हटलं, मग माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "नाटकाचे फोटो व्हये तितके काढ. आतले कित्याक?"

मी काहीतरी कला, संस्कृती, जतन असं बोललो असेन. त्यावर त्यांनी सांगितलं ते ऐकून मात्र मी गप्प झालो. दोन वर्षांमागे कोणीतरी पोरगा असाच आत आला, स्त्रीपार्टी (बाईची भूमिका) करणारा एक जण अर्धी साडी नेसून बसला होता त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि रील टाकलं. खाली कमेंट काय आल्या असतील ते तुम्हाला माहितीये. त्या कलाकाराच्या मुलीला शाळेत कोणीतरी ते दाखवलं. तेव्हापासून आत बाहेरचा माणूस बंद. "आधी नाटकां बघ, मगे बघूया" म्हणून त्यांनी सुपारीचा दुसरा ढीग पुढे ओढला, म्हणजे आता निघा.

तारखांचं सांगतो कारण मुंबईकरांची खरी गोची तिथे होते. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, आणि जत्रा असतात तिथीवर. तिथीवर असेल तर कालनिर्णय बघून हिशोब तरी लागतो, पण काही ठिकाणी देवाचा कौल घेऊन तारीख ठरते, आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा अशीच, तिथे कॅलेंडर काय करणार. माझ्या गावची तिथीवर होती, २९ नोव्हेंबरला शनिवार आला हे नशीब. कोकणकन्येचं ठाण्याहून स्लीपरचं तिकीट जातानाचं वेळेत काढलं, येतानाचं वेटिंगच राहिलं, शेवटी तत्काळ. स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ ला उघडतं, त्यावेळी मामाच्या अंगणात नेटवर्क नसतं, त्यासाठी कुडाळच्या नाक्यावर जाऊन उभं राहायची तयारी ठेवा. एका बाजूचं तिकीट चारशेच्या आसपास, तत्काळचे वर.

५ नोव्हेंबरला त्रिपुरारी पौर्णिमा झाली, त्याच्या आगेमागे जत्रा सुरू झाल्या आणि जमेल त्या शनिवारी मी नुसता नाटक बघायला गेलो. कॅमेरा बॅगेतच. हे मालकांना खूष करायला सुरू केलं होतं खरं पण फायदा मलाच झाला. कारण रंगपटात काय कधी होतं हे समोर बसूनच कळतं. आधी पालखीची प्रदक्षिणा, ती कितीही वाजता संपू शकते. मग आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेच्या आधीचा भाग, त्यात गणपती येतो, त्याच्याबरोबर रिद्धी-सिद्धी नाचतात, भटजी पूजा करतो, शारदा येते, ब्रह्मदेव, विष्णू, आणि वेद पळवणारा संकासुर, त्याचं मालवणीतलं बोलणं ऐकायला पोरं जागी राहतात. त्यानंतर मुख्य आख्यान, त्याला लिहिलेलं स्क्रिप्ट नसतं, कथा आधी ठरवून घेतात आणि संवाद तिथल्या तिथे. पहाटे दहीहंडी फुटते. हल्ली वेळ वाचवायला आडदशावतार आटोपता घेतात काही ठिकाणी, मला ते अजिबात आवडत नाही पण माझ्या आवडीला कोण विचारतो. तर मुद्दा असा की रिद्धी-सिद्धी सगळ्यात आधी तयार लागतात, आख्यानातला राक्षस रात्री उशिरा रंगायला बसतो. ज्याचा फोटो हवा तो आत कधी असतो आणि कधी घाईत नसतो हे माहीत नसेल तर परवानगी मिळूनही काही उपयोग नाही.

तिसऱ्या का चौथ्या नाटकाला मालकांनी मला लांबूनच हाताने बोलावलं आणि म्हणाले, जत्रेक ये, आत बस, पण पोरांक विचार. म्हणजे माझी परवानगी आहे, त्यांची तूच घे.

मी समजलो झालं काम. मामाने विचारलं देवळाचं काय? रंगपट असतो देवळाच्या आवारातल्या खोलीत, म्हणजे देवस्थान समितीची परवानगी वेगळी. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला, कशासाठी, किती वाजेपर्यंत, कोणता कॅमेरा, फ्लॅश नाही, ड्रोन नाही, सोबत आधारची झेरॉक्स आणि प्रदर्शनवाल्यांच्या त्या एका ओळीच्या ईमेलची प्रिंट. व्हॉट्सॲपवर पाठवला तर उत्तर आलं की सहीचा कागद हवा. तो मामाकडून पोचवला तर अध्यक्ष भेटेनात, कारण ते लाऊडस्पीकरच्या परवानगीमागे तालुक्याला फेऱ्या मारत होते. रात्री १० नंतर स्पीकरला बंदी असते, सरकार वर्षातले ठराविक दिवस १२ पर्यंत सूट देतं, आणि दशावतार तर पहाटेपर्यंत चालणारा, त्यामुळे जत्रेआधी प्रत्येक समितीला ही डोकेदुखी असते. त्यांच्या फायलीत माझा कागद खाली जाणारच. जत्रेच्या दोन दिवस आधी शिक्का मारून परत आला, मागे पेनने अटी लिहिलेल्या: गाभाऱ्यात कॅमेरा नाही, पेटाऱ्याची पूजा चालू असताना नाही, चपला बाहेर. पेटारा म्हणजे कंपनीचं सामान न्यायची टोपली, पण त्यात गणपतीचा मुखवटा असतो म्हणून त्याची पूजा होते, ते सामान समजून पाय लावू नका. पैसे कोणीच मागितले नाहीत. मी देणगीची पावती फाडली ती माझ्या मनाने.

तिसरा कागद संमतीपत्राचा. प्रदर्शनवाल्यांनी दिलेला नमुना इंग्रजीत होता, दोन पानी, वकिली भाषेतला, तो मी कोणापुढे ठेवलाच नाही. स्वतः मराठीत एका पानाचं केलं. वर नाव, फोटोचं वर्णन, खाली तीन वेगळे चौकोन: प्रदर्शनात लावायला हो का नाही, छापायला हो का नाही, इंटरनेटवर टाकायला हो का नाही. आणि शेवटी एक ओळ की फोटो बघितल्यावरच सही करायची आहे, नंतर विचार बदलला तर कळवावं. संस्थेला विचारून घेतलं हे चालेल का, चालेल म्हणाले.

सामानाचं पटकन सांगतो. एक बॉडी, ३५ एमएम एफ १.८ लेन्स, दोन जादा बॅटऱ्या, सिलिका जेलच्या पुड्या (रात्री दंव पडतं, लेन्स ओलसर होते), फोकसला मदत करणारा तो नारिंगी दिवा मेन्यूत जाऊन बंद, बीप बंद. एक गोष्ट मात्र घरी ट्यूबखाली करून बघा. सायलेंट शटर म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर एलईडी दिव्याखाली फोटोवर पट्टे येतात. मेकॅनिकल शटर वापरायचं आणि स्पीड १/५० नाहीतर १/१०० ठेवायचा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिथे पट्टे दिसत नाहीत. आवाज होतो, त्याचं काय केलं ते पुढे येतंच.

२९ ला संध्याकाळी सातलाच जाऊन बसलो. देवळामागची खोली, एका बाजूला ताडपत्री, वर एक एलईडी ट्यूब आणि कोपऱ्यात पिवळा बल्ब. प्रत्येकाची आपापली ट्रंक, ट्रंकेच्या झाकणाला आरसा टेकवलेला, समोर सफेदा, काजळ, कुंकू, खोबरेल, कोणाकडे बाजारातले पॅनकेक. दशावतारात मेकअपमन नसतो, प्रत्येकजण स्वतःच तोंड रंगवतो. मी सगळ्यांना आधी एकेकाला भेटून सांगितलं मी कोण, काय करणार, ज्याला नको असेल त्याने आत्ताच सांगा. दोघांनी नको सांगितलं. ते कुठे बसलेत तिकडे पाठ करून मी भिंतीला टेकलो. कॅमेरा मांडीवर ठेवून दिला आणि खाजं खात बसलो. पहिला तासभर सगळे माझ्याकडे बघत होते, कोणी उगीच पोज देत होता, कोणी साडीत विडी पेटवून म्हणाला काढ फोटो, सगळे ह्योच काढतत. खरंच आहे, साडी, कुंकू आणि विडी हा फोटो इतक्या जणांनी काढलाय की आता त्यात त्या माणसाचं काहीच उरत नाही. नको म्हणालो, तो हसला, आणि त्यानंतर माझ्याकडे बघणं जरा कमी झालं.

नऊच्या पुढे पालखी निघाली, ढोल लांब गेले, खोलीत शांत झालं. पखवाजवाल्याला डाव्या बाजूला लावायला कणीक हवी होती, ती महाप्रसादाच्या स्वयंपाकातून एक पोरगा घेऊन आला. रिद्धी होणारा मुलगा तयार झाला होता, वेणी, गजरा, पायात चाळ, आणि तेवढ्यात ब्लाऊजचा मागचा हूक तुटला. खोलीत पिन मिळेना. संकासुर होणारे काका, साठीच्या पुढचे, काळा पोशाख चढवलेला, मुखवटा शेजारी ठेवलेला, त्यांनी काही न बोलता ट्रंकेतून सुई-दोऱ्याचं रीळ काढलं. मग चष्मा बाहेर काढला. चष्म्याची एक काडी तुटून दोऱ्याने बांधलेली. तो नाकावर ठेवून, दोरा थुंकीने ओला करून, सुई ट्यूबकडे धरून डोळे बारीक करून ओवायला लागले. ओवली जाईना. तिकडे बाहेर पखवाज ठोकून सूर लावणं सुरू झालं आणि इकडे रिद्धीचा पाय आपोआप ठेका धरून हलायला लागला, चाळ वाजायला लागले. काका दातात दोरा धरूनच ओरडले, "हलू नको गो, सुई टोचतली!" रिद्धी दोन क्षण थांबली, परत पाय सुरू. सिद्धीला हसू आवरेना, तिची अर्धी रंगवलेली भुवई वेडीवाकडी झाली.

मी भिंतीपासून हललो नाही. १/१००, एफ २, आयएसओ ५०००, आणि सफेदा लावलेले चेहरे फटक पांढरे येतात म्हणून एक्स्पोजर थोडं खाली. पखवाजावर हातोडीचा ठोका पडला की त्या आवाजात शटर दाबायचं, असं करत गेलो, त्यामुळे कोणी वळून बघितलं नाही. एकात काकांची मान वर, चष्म्यात ट्यूबची पांढरी रेघ, दातात दोरा, आणि पुढे रिद्धीची पाठ, उघडा हूक, खाली चाळ जरासे धूसर कारण पाय थांबतच नव्हता. हूक शिवून झाला, काकांनी दोरा दाताने तोडला, पालखी परत आली आणि सगळे पांगले. नंतर रिद्धी-सिद्धीचा नाच मी समोरून काढला, तोही बरा आला, पण मला तोपर्यंत कळलं होतं संचातला मुख्य फोटो कोणता.

पहाटे हंडी फुटल्यावर सगळे दमून चहा पीत होते तेव्हा कागद काढले नाहीत. दुपारी झोपा झाल्यावर मामाला घेऊन एकेकाच्या घरी गेलो, फोटो टॅबवर मोठे करून दाखवले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दाखवून सही घेऊ नका, त्यात काय दिसतंय ते कळत नाही. संकासुर काका खूष, तिन्ही चौकोनात हो, वर म्हणाले चष्मो नवो केलो असतो तर बरा दिसला असता. रिद्धीच्या घरी वेगळं झालं. तो दिवसा रिक्षा चालवतो. ज्याचं रील झालं होतं तो हाच निघाला, मला माहीत नव्हतं, मालकांनी नाव सांगितलं नव्हतं. त्याने फोटो बराच वेळ बघितला, दोन बोटांनी मोठा करून हूकापाशी थांबला. म्हणाला, चेहरा नाही दिसत पण गावात सगळे ओळखतात. बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली छान आहे की, काका बघा कसे दिसतायत. तो म्हणाला, "ममयत लाव, छापलंस तरी चलात. नेटार नको." तिसऱ्या चौकोनात त्याने स्वतःच्या हाताने नाही लिहिलं आणि सही केली. म्हणून तो फोटो तुम्हाला इथे दिसत नाहीये, आणि व्हॉट्सॲपवर पाठव म्हणून मला मेसेज करू नका, मी पाठवणार नाही.

मुंबईला येऊन बाकीचे पाच निवडले, १२ बाय १८ च्या प्रिंट काढल्या, एकीचे १८० रुपये. कलाकारांसाठी छोट्या आकारात वेगळा संच काढला, तो डिसेंबरात पुढच्या जत्रेला जाताना बरोबर नेला. नको म्हणालेल्या दोघांपैकी एकाने बाकीच्यांचे बघून विचारलं माझा नाय काय, तर सांगितलं तुम्हीच नको म्हणालात, तो म्हणाला मगे आता काढ. तिकिटं, फी, प्रिंट, झेरॉक्स, देणगी, बाईकचं पेट्रोल सगळं धरून साडेसात हजारांच्या आसपास गेले. राहणं-जेवण मामीकडे, ते नसतं तर अजून वाढले असते.

जानेवारीच्या मधेच अर्ज भरला. फेब्रुवारीत कळवलं की संचातले दोन घेतलेत, त्यात सुईवाला आहे. आणि पाठोपाठ दुसरा ईमेल, की निवडलेले सगळे फोटो आमच्या पेजवर टाकणार आहोत, नियमच आहे. मी संमतीपत्राचा स्कॅन परत जोडून पाठवला, तिसऱ्या चौकोनावर गोल करून. चार-पाच दिवस काही नाही. मग फोन आला की एकासाठी अपवाद कसा करायचा. मी म्हटलं फोटो मागे घेतो मग. परत दोन दिवस शांतता, आणि शेवटी उत्तर आलं की पेजवर फक्त शीर्षक आणि कंपनीचं गाव टाकतो, फोटो भिंतीवरच राहील. कंपनीचं गावही काढायला लावलं.

संमतीपत्राचा मराठी नमुना कोणाला हवा असेल तर सांगा, पाठवतो. फक्त संस्थेचं नाव आणि तारीख बदलून घ्या, आणि ते तीन चौकोन एकत्र करू नका.